खोली मोकळी सोडायची नाही

ताई,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते. कारणं पुढच्या पानांत आहेत.

१. मी नव्या नोकरीवर रुजू झाले.
२. तिथले रेडिओकाका रजेवर गेले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मुक्या खोलीतलं ऐकत बसण्याचं काम माझ्याकडे आलं. मी ते यंत्राला दिलं.
३. त्या आठवड्यात आत जे काही होतं ते संपलं.
४. १८ तारखेला मी त्या खोलीत एकटी गेले. बाहेर ऐकणारं कोणी नव्हतं.
५. बाहेर आल्यापासून माझा आवाज कोणालाही ऐकू येत नाही. आता मी दिसतही नाही, किंवा दिसते पण लक्षात येत नाही. यातलं नेमकं काय, ते मला ठरवता आलेलं नाही.
६. मी आजारी नाही. तापही नाही.

शेवटच्या पानावर एक विनंती आहे. ती आधी वाचलीस तरी हरकत नाही. पण नंतर मागे येऊन सगळं वाच. वाचलं जाणं गरजेचं आहे.

रविवार, २

पोचले. खोली अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. वरचा मजला, पूर्वेला खिडकी, लिहायला खरंखुरं टेबल. एक पाय आखूड आहे, पण पुठ्ठ्याची घडी घालून भागलं. खिडकीतून एक शांत रस्ता, एक चांभाराचं दुकान आणि शाळेची मागची भिंत दिसते. सामान लावून झाल्यावर मी चक्क शीळ घातली. माझ्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

घरमालकीणबाई खाली राहतात. एकट्या. त्यांना सगळ्या घराचे आवाज पाठ आहेत. जिन्याची तिसरी पायरी करकरते, ती मुद्दाम दुरुस्त केलेली नाही, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. कोण आलं, कोण गेलं, ते त्यांना जागेवरून न उठता कळतं. आधीचा भाडेकरू म्हणे चोरासारखा तिसरी पायरी वगळून चढायचा. त्याला त्यांनी महिन्यात काढला. मी म्हटलं, मी प्रत्येक पायरीवर पाय देईन. त्या हसल्या, म्हणाल्या, मग आपलं जमलं म्हणायचं.

ताईचा निरोप आला. नेहमीचाच. आहेस का? मी उत्तर पाठवलं, हं.

सोमवार, ३

कामाचा पहिला दिवस. प्रयोगशाळा लहान आहे. साहेब, रेडिओकाका आणि मी. घरगुती यंत्रं किती आवाज करतात ते मोजायचं, एवढंच काम. पंखे, मिक्सर, वॉशिंग मशीन, केस वाळवायची यंत्रं. कारखानदार पाठवतात, आम्ही मोजतो, आकडा लिहून परत करतो.

मोजायचं ते मुक्या खोलीत. भिंती, छत, सगळीकडे हातभर लांब फोमच्या पाचरी. जमिनीऐवजी तारेची ताणलेली जाळी आणि जाळीखालीही पाचरी. दार फ्रिजच्या दारासारखं, पण चौपट जाड. आत टाळी वाजवली तर ती हातातच मरते. बाहेर एक टेबल, त्यावर आवाजाचा आलेख दाखवणारा पडदा, हेडफोन आणि आतल्याशी बोलण्याचं एक बटण.

साहेबांनी मुलाखतीत विचारलेलं आज पुन्हा विचारलं. खोलीत मिक्सर चालू आहे, ऐकणारं कोणी नाही, तर आवाज आहे की नाही? मी तेव्हा दिलेलंच उत्तर दिलं. आवाज म्हणजे हवेतला दाब, मोजला की आहे. साहेब रेडिओकाकांकडे बघून म्हणाले, बघा, याला म्हणतात शिक्षण. रेडिओकाका म्हणाले, मोजला की आहे, पण मोजलेलं बघतं कोण? यावर दोघं बराच वेळ भांडले. त्यांचं हे भांडण जुनं असावं. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं आणि दोघंही मजेत होते.

रेडिओकाका साहेबांच्याच वर्गातले, त्यांच्याइतकेच शिकलेले. सकाळी चालू होतात ते संध्याकाळी बंद होतात, म्हणून रेडिओ. मला पहिल्या तासातच इंजिनियरबाई म्हणायला लागले.

दोन गोष्टी विचित्र वाटल्या. चहाच्या खोलीत चार मग आहेत. माझा निळा धरून तिघांचे तीन. चौथा हिरवा कोणाचाच नाही, तरी रेडिओकाका म्हणे तो रोज धुऊन भिंतीवरच्या हुकाला लावतात. दुसरी गोष्ट म्हणजे जेवणाच्या सुट्टीत ते आमच्याबरोबर बसत नाहीत. डबा घेऊन मुक्या खोलीच्या टेबलाशी बसतात, हेडफोन लावतात, बटण दाबून रिकाम्या खोलीला सांगतात, बसलो बरं का जेवायला. आणि तासभर ऐकत जेवतात. बोलत नाहीत. दिवसातला तेवढाच तास.

का, असं विचारलं. म्हणाले, खोली मोकळी सोडायची नाही.

बुधवार, ५

आज मी आत बसून पाहिलं. नव्या माणसाने बसायचंच असतं. रेडिओकाका बाहेर हेडफोन लावून होते आणि मधूनमधून बटणावरून चौकशी करत होते. अहो इंजिनियरबाई, अजून शहाण्या आहात ना? आत थोड्या वेळाने स्वतःचं हृदय ऐकू येतं. मग पोटातलं. मग कानात एक बारीक सूं, तो रक्ताचा. मान वळवली की मणके ऐकू येतात. मला आवडलं. इतकी स्वच्छ जागा मी पाहिली नव्हती.

बाहेर आल्यावर विचारलं की माणूस आत असताना ऐकायचं ते समजलं, सुरक्षेसाठी असेल, पण जेवणाच्या सुट्टीत आत कोणीच नसतं. रेडिओकाका पहिल्यांदाच शब्द शोधताना दिसले. म्हणाले, असतं असं वाटतं. एकदम बारीक. कोणीतरी बोलायला तोंड उघडावं आणि गप्प बसावं, तसं. कोण ते विचारू नका, मलाच आठवत नाही. आठवत नाही म्हणजे कधीतरी माहीत होतं, असा अर्थ होतो, हे मी दाखवून दिलं. ते म्हणाले, तेच तर.

साहेब नंतर मला म्हणाले, सोडून दे, त्याची खोड आहे ती. स्वभावाला औषध नाही.

शनिवार, ८

ताईशी फोनवर बोलले. तिच्या धाकट्याला दात आला. ताई सांगत होती, मी ऐकत होते. ती म्हणाली, तू फोनवर आहेस की गेलीस ते कळतच नाही, हुंकार तरी देत जा. तिची ही तक्रार जुनी आहे. लहानपणी दिवे गेले की ती तिच्या पलंगावरून विचारायची, आहेस का? मी म्हणायचे, हं. ती म्हणायची, हं नाही, नीट सांग, आहे म्हण. मी ते कधी म्हणत नसे. दिवे गेल्याने माणूस कुठे जातं, असं मला वाटायचं. तिला ते पटायचं नाही. ती दिवे येईपर्यंत विचारत राहायची.

सोमवार, १०

रेडिओकाका उद्यापासून आठवडाभर रजेवर. बायकोचं डोळ्याचं ऑपरेशन. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, सुट्टीतला तो तास मी बसायचं. साहेबांना सांगू नका, ते टिंगल करतात. मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, काका, मी एकदा हो म्हणते. ते म्हणाले, बटण दाबून सांगायला विसरू नका, नाहीतर आतलं माणूस ताटकळतं. आणि आपल्याच विनोदावर हसले. पण डोळे हसले नाहीत.

मंगळवार, ११

बसले. बटण दाबून बोलले नाही, मला लाज वाटली. हेडफोनमध्ये मायक्रोफोनची स्वतःची बारीक खरखर, तेवढीच. ती प्रत्येक मायक्रोफोनला असते. सुट्टी संपत आली तेव्हा एक आवाज आला. ओठ सुटे झाल्यासारखा. वायर बाहीला घासली असणार. तसंच लिहून ठेवते, वायर.

जेवण नीट झालं नाही. स्वतःचं चावणं ऐकत जेवणं किळसवाणं आहे.

बुधवार, १२

सोपा उपाय काढला. सुट्टी सुरू झाली की रेकॉर्डर चालू करायचा, संपली की बंद. यंत्राला कंटाळा येत नाही, डुलकी लागत नाही, घास घशात अडकत नाही. रेडिओकाका आले की सगळा आठवडा त्यांच्या हातात देईन. मी जेवायला साहेबांबरोबर बसले. त्यांनी त्यांच्या सासूच्या घोरण्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, आवाज मोजायची नोकरी मी घेतली ती पुरावा गोळा करायला.

शनिवार, १५

आज रेकॉर्डिंग पाहिली. काहीतरी बिघडलं आहे.

आलेख सपाट आहे. कमी आहे असं नाही, शून्य आहे. मायक्रोफोनची खरखरसुद्धा नाही. असं होऊ शकत नाही. वायर बदलली, रेकॉर्डर बदलला, मायक्रोफोन बदलला. मग आत एक पंखा चालू ठेवला, टेबल सोडून बाहेरच्या खोलीत गेले, परत आले. पंख्याने वीज खाल्ली होती. मोटार गरम होती. रेकॉर्डिंग शून्य.

मग समोर बसून तीच चाचणी. पंख्याचा आवाज स्वच्छ आला. मान वळवून भिंतीकडे पाहिलं, कानावरचे हेडफोन काढले. पुन्हा पडद्याकडे पाहिलं तर मधला तेवढा तुकडा कापून काढल्यासारखा सपाट. दहा वेळा केलं. दहाही वेळा.

उपकरणात दोष आहे असं लिहिते. कुठला ते लिहिता येत नाही.

सोमवार, १७

रेडिओकाका आले. बायकोचं ऑपरेशन नीट झालं. सकाळभर दवाखान्याच्या नकला. सुट्टी झाल्यावर डबा घेऊन टेबलाशी बसले, बटण दाबलं, म्हणाले, आलो बरं का. हेडफोन लावले.

डबा उघडला नाही. बसून राहिले. मग मला विचारलं, रोज ऐकलंत ना? मी सांगितलं, पहिल्या दिवशी ऐकलं, पुढे रोज रेकॉर्ड केलं. त्यांनी विचारलं, पण ऐकलं कोणी? मी म्हटलं, यंत्राने.  ते सुट्टी संपेपर्यंत हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून बसले होते. गालावरून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं.

संध्याकाळी जे झालं ते जास्त वाईट. चहाच्या खोलीत ते हिरवा मग हातात घेऊन उभे होते. मला विचारलं, हा कोणाचा हो? मी म्हटलं, तुम्हीच रोज धुता. ते हसले. म्हणाले, मी? घरी बायको धुवायला लावते तेवढं पुरे आहे की. मग मी जेवणाच्या सुट्टीबद्दल विचारलं. मुकी खोली, हेडफोन, मोकळी सोडायची नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, खोली मोकळी सोडायला काय होतं? पळून जाते का?

ते थट्टा करत नव्हते. माणूस थट्टा करतं तेव्हा वाट बघतं. ते वाट बघत नव्हते.

मंगळवार, १८

आज सुट्टीत दोघंही जेवायला गेले. रेडिओकाका आज आमच्या टेबलावर बसले, जन्मभर तिथेच बसत होते तसे. मी मुक्या खोलीत गेले. आत काय होतं ते पाहायला हवं होतं. कोणाला बाहेर बस म्हणावं असं वाटलं नाही. मागायची मला सवय नाही. रेकॉर्डर लावला आणि दार ओढून घेतलं.

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. स्टुलावर बसले. हृदय ऐकू आलं, रक्ताचा सूं आला. मायक्रोफोनसमोर आकडे मोजायला लागले. काही वेळाने लक्षात आलं की ओठ हलत आहेत आणि आकडे ऐकू येत नाहीत. मग सूं गेला. मग हृदय. मानेला बोटं लावली, नाडी चालू होती. फक्त तिचा आवाज नव्हता.

उठताना जाळीखाली काहीतरी चमकलं. पाचरींच्या मधे कानातल्याची फिरकी होती, सोन्याची, लहान. साहेब कानात काही घालत नाहीत. रेडिओकाकाही नाहीत. माझे कान टोचलेले नाहीत.

दार उघडून बाहेर आले. साहेबांना सांगितलं की फिरकी सापडली. ते फाईल वाचत होते, वाचत राहिले. फिरकी मी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चहाचा कप नेमका तिच्यावर ठेवला. कप कलला नाही.

बुधवार, १९

काल घरी आले तेव्हा तिसरी पायरी करकरली नाही. परत खाली गेले, पुन्हा चढले, तिच्यावर उभी राहून उडी मारली. नाही.

घरमालकीणबाई आत फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, वरची मुलगी अजून आली नाही, बिचारीला काम फार. मी त्यांच्या दारात उभी होते. हाक मारली. त्यांनी दाराकडे पाहिलं, उठल्या, दार लावून घेतलं. वारा येतो म्हणाल्या.

आज प्रयोगशाळेत एकही वाक्य कोणापर्यंत पोचलं नाही. कालची रेकॉर्डिंग पाहिली. सपाट. आत पंखा लावून टेबलाशी बसले, हेडफोन लावले, पडद्यावरून नजर हलवली नाही.

तरीही सपाट.

शनिवारी माझ्या पाहण्याने आलेख येत होता. आता माझं पाहणं धरलं जात नाही.

गुरुवार, २०

ताईला फोन केला. तिने उचलला. हॅलो, हॅलो. मी बोलत होते. आधी शांतपणे, नंतर ओरडून. मागे धाकटा रडत होता. तिच्या नवऱ्याने विचारलं, कोण आहे. ती म्हणाली, कोणी नाही, नुसतं शांत आहे.

पण तिने लगेच ठेवला नाही. जरा वेळ धरून ठेवला होता.

रात्री निरोप आला नाही. पहिल्यांदाच. मी पाठवला. तिचं उत्तर नाही.

शुक्रवार, २१

एक नवी गोष्ट लक्षात आली आहे आणि ती मला लिहायची नव्हती.

मी एकटी असले की खोलीचा कोपरा पूर्ण होत नाही. खिडकीच्या बाजूच्या दोन भिंती जिथे मिळायला हव्यात, तिथे भिंत नाही आणि भिंतीचं नसणंही नाही. नजर तिथे नेली की ती आपोआप दुसरीकडे येते. घरमालकीणबाई झाडायला वर आल्या तेव्हा कोपरा होता. त्यांनी तिथली जळमटं काढली. त्या खाली गेल्यावर मी पुन्हा पाहिलं नाही.

रस्त्यावर सगळं ठीक आहे. माणसं आहेत तिथे सगळं ठीक आहे. आज दिवसभर मी चांभाराच्या दुकानासमोर उभी राहिले. तो गिऱ्हाइकाला सांगत होता, तळवा गेला तरी चालेल, वरचा भाग शाबूत पाहिजे, जोडा म्हणजे माणसाच्या तोंडासारखा. गिऱ्हाईक हसलं. मीही हसले. मग ते दोघं आत गेले आणि रस्त्याचं टोक —

मी पळत सुटले. बाजाराकडे.

रविवार, २३

काल दिवसभर बाजारात होते. आज दवाखान्यात. तिथे रविवारीही माणसं असतात. बाकावर बसले आहे. एक बाई माझ्या मांडीवर पिशवी ठेवून गेली. जड होती. मी ती धरून बसले. कोणीतरी ठेवलेलं वजन.

निळ्या मगाची आठवण येते. वेडेपणा आहे.

हिरवा मग तिचा होता. जिच्या कानातली फिरकी. ती माझ्यासारखीच आत गेली असेल. पण तिच्या बाबतीत रेडिओकाकांनी बारीकसं काहीतरी ऐकलं आणि सोडलं नाही. तिचं नाव गेलं, चेहरा गेला, ती कोण ते गेलं, तरी ते रोज बसले. बसलो बरं का जेवायला. तेवढ्या तासावर ती होती.

आणि मी त्या तासाला रेकॉर्डर लावला.

सोमवार, २४

माझ्या जागेवर नवी मुलगी आली आहे. चटपटीत, हसरी. साहेबांनी तिला विचारलं, मिक्सर चालू आहे, ऐकणारं कोणी नाही. ती म्हणाली, लाईटचं बिल येतं ना, मग आहे. साहेब खूश. रेडिओकाका म्हणाले, पण बिल वाचतं कोण? भांडण जसंच्या तसं.

चहाच्या खोलीत तिने विचारलं, हा निळा मग कोणाचा? रेडिओकाका म्हणाले, असेल कोणाचा तरी, तूच घे.

तिने पंख्याची चाचणी घेतली. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. आलेख आला. सुंदर, स्वच्छ आलेख. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने केस सारखे केले.

पंखा बंद झाल्यावर मी तिला न विचारता मुक्या खोलीत गेले, दार उघडंच होतं. मायक्रोफोनसमोर तोंड नेलं आणि जीव खाऊन एकच शब्द ओरडले. बाहेर हेडफोन तिच्या कानावर होते. तिने भुवया उंचावल्या. पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, वायर घासली वाटतं.

वायर. मी तसंच लिहिलं होतं.

म्हणजे उरलं आहे. थोडंसं. इतर ठिकाणी ते दुसऱ्या आवाजांखाली जातं. त्या खोलीत दुसरं काही नाही, तिथे तेवढंसंही ऐकू येईल. फक्त ती वायर नाही हे माहीत असलेलं कोणीतरी हवं.

मंगळवार, २५

वही बाहेर जाणाऱ्या टपालाच्या ट्रेमध्ये ठेवून लिहिते आहे. पाकिटावर ताईचा पत्ता घातला आहे. कुरियरवाला सुट्टीनंतर येतो आणि ट्रेमध्ये असेल ते उचलतो. कोणी ठेवलं ते विचारत नाही. नवी मुलगी आणि रेडिओकाका शेजारच्याच टेबलावर आहेत, म्हणून ट्रे आहे, पान आहे. शाई टिकेल की नाही माहीत नाही. तू वाचत असशील तर टिकली.

ताई, सुरुवातीचं पान आज सकाळी लिहून पुढे लावलं आहे. आता विनंती.

शुक्रवारी, २८ तारखेला, दुपारी बाराच्या आत प्रयोगशाळेत फोन कर. नंबर पाकिटाच्या मागे आहे. रेडिओकाकांना माग. ते पाल्हाळ लावतील, लावू दे. माझं नाव सांगितलंस तर त्यांना ओळख लागणार नाही, त्याने घाबरू नकोस. त्यांना एवढंच सांग, जेवणाच्या सुट्टीत मुक्या खोलीचे हेडफोन लावून बसा. का, ते सांगायची गरज नाही. ते चांगले आहेत, बसतील. सुट्टी बाराला लागते, तोवर फोन ठेवू नकोस, आणि ते बसले की तो बोलायच्या बटणापुढे धरायला सांग. मी आत असेन. आजपासून रोज सुट्टीत आत असेन.

फोन करणं जमणार नसेल तर तसं निदान चिठ्ठीने कळव. माझ्या नावाने, प्रयोगशाळेच्या पत्त्यावर. कोणी फोडली नाही तरी पाकिटावरचं नाव कोणीतरी वाचेल.

तुला यातलं काहीच पटलं नाही तरी चालेल. पटण्याचा संबंध नाही. गुरुवारी तू फोन लगेच ठेवला नाहीस. तेवढ्या वेळात माझ्या खोलीचा कोपरा जागेवर आला होता. मी तो पाहिला. तेव्हा कळलं नाही का ते.

आणि विचार. लहानपणी विचारायचीस तसं. मी दर वेळी हं म्हणून भागवलं. मला वाटायचं, माणूस असतं ते असतं, त्याला काय विचारायचं. या वेळी नीट सांगेन. सगळा शब्द —

ते उठले. डबे काढतायत. नवी म्हणाली, इथला दिवा घालवू? रेडिओकाका म्हणाले, घालव की, आत कोण बसलंय.

दोघं दाराशी. ट्रेची पलीकडची कड —

शुक्रवार, बाराच्या आत. हेडफोन. तू विचारलंस की मी म्हणेन, आ